निदानाच्या प्रतीक्षेतील आजारपण : स्नायूंच्या अनिर्णीत लक्षणांसंबंधी काही विचार

बीजशब्द : स्नायुदौर्बल्य, निदान, रुग्णभूमिका, ईएमजी, हिरायामा विकार, वाजवी सोय

प्रस्तावना :

वैद्यकीय रजेच्या छापील अर्जात 'आजाराचे नाव' असा एक रकाना असतो. कावीळ, टायफॉइड, अपेंडिक्सची शस्त्रक्रिया असे काही असले म्हणजे तो अर्ध्या मिनिटात भरून होतो. प्रस्तुत लेखिकेपुढे मात्र गेल्या दीड वर्षात हा रकाना तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा त्याने अडवून धरले. पहिल्या वेळी 'अशक्तपणा' असे लिहिले. अशक्तपणा हा आजार नव्हे, अशा शेऱ्यासह अर्ज परत आला. दुसऱ्या वेळी 'तपासण्या सुरू आहेत' असे लिहिले. त्यावर, तपासण्या पूर्ण झाल्यावर अर्ज करावा, असे तोंडी सांगण्यात आले. यात लेखनिकाची चूक होती असे म्हणवत नाही. त्याच्यापुढील नियमात नाव नसलेल्या आजाराला जागाच नव्हती.

लक्षणे थोडक्यात सांगता येतील. फळ्यावर दहा-बारा ओळी लिहिल्या की उजव्या हाताच्या बोटांतून खडू सुटू लागतो. थोडी विश्रांती घेतली की पुन्हा लिहिता येते. रात्री पोटऱ्यांचे स्नायू कातडीखाली लवत राहतात. रक्ताच्या तपासण्या, मानेचा एमआरआय आणि स्नायूंची विद्युत्-तपासणी यांत अद्याप निश्चित असे काही आढळलेले नाही. हा वैयक्तिक अनुभव प्रस्तुत लेखाचे निमित्त आहे, विषय नव्हे. लेखिका समाजशास्त्राची अध्यापक आहे, वैद्यक नव्हे, हेही आरंभीच नमूद करणे उचित होईल. स्नायू व चेतातंतूंच्या अनेक विकारांत काळ जाऊ देणे हा तपासणीचाच एक भाग असतो. आपल्या कार्यालयांच्या, परीक्षांच्या आणि घरांच्याही व्यवहारात मात्र या काळाची कोठेच नोंद नाही. ही विसंगती स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

रुग्णभूमिका आणि नाव :

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅल्कॉट पार्सन्स यांनी १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या 'द सोशल सिस्टिम' या ग्रंथात 'रुग्णभूमिका' ही संकल्पना मांडली. आजारी माणसास समाज दोन सवलती देतो : नेहमीच्या कामातून सूट आणि आजाराच्या दोषातून मुक्तता. त्या बदल्यात त्याच्यावर दोन बंधने येतात : बरे होण्याची इच्छा धरणे आणि योग्य त्या तज्ज्ञाचे साहाय्य घेऊन त्याच्याशी सहकार्य करणे. एम.फिल.च्या अभ्यासक्रमात हे वाचले तेव्हा ते फारच सरळसोट वाटले होते. पुढे टीकाकारांनी त्यातील उणिवा दाखविल्या. दीर्घकालीन आजारांना ही चौकट नीट लागू पडत नाही, ही त्यांतील प्रमुख होय. निदान न झालेल्या रुग्णाची अडचण तर याहून वेगळी आहे. तो दोन्ही बंधने निमूटपणे पाळत असतो. दवाखान्याच्या रांगेत बसतो, सुया टोचून घेतो, सांगितलेली प्रत्येक तपासणी करतो. सवलती मात्र त्याला मिळत नाहीत, कारण त्या नावावर दिल्या जातात.

मायकेल ब्युरी यांनी १९८२ मध्ये संधिवाताच्या रुग्णांच्या मुलाखतींवरून दीर्घकालीन आजाराचे वर्णन 'चरित्रातील खंड' असे केले. आजार आला की माणसाची स्वतःविषयीची गोष्ट मध्येच तुटते आणि ती नव्याने जुळवावी लागते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. निदानाच्या प्रतीक्षेत ही गोष्ट तुटलेली तर असते, पण कशाशी जुळवायची तेच ठाऊक नसते. "मॅडम, चेहऱ्यावरून तर काही वाटत नाही हो," हे सहकाऱ्यांचे वाक्य धीर देण्यासाठीच उच्चारलेले असते. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र आपण काही सोंग तर करीत नाही ना, अशी शंका उभी राहते.

लक्षणांची मराठी :

निदान लांबण्याचे एक कारण अगदी साधे आहे आणि ते भाषेत आहे. मराठीत 'अशक्तपणा' हा शब्द किमान चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. संपूर्ण शरीर गळून जाणे, लवकर दमणे, विशिष्ट स्नायूंतील बळ कमी होणे आणि कशातच मन न लागणे या सर्वांना आपण हाच शब्द लावतो. वैद्यकाच्या दृष्टीने या चार वाटा चार दिशांना जातात. रक्तातील हिमोग्लोबिन कमी असेल तर जिना चढताना धाप लागते. पण बरणीचे झाकण उघडण्याचे बोटांचे बळ त्यामुळे जात नाही. रुग्ण "अशक्तपणा आहे" एवढेच सांगतो आणि आपल्याकडे अनेकदा त्यावर ताकदीचे इंजेक्शन मिळते. त्या इंजेक्शनात ब-१२ जीवनसत्त्व असेल तर नंतर त्या जीवनसत्त्वाची रक्तपातळी मोजून फारसा बोध होत नाही. ब-१२ ची उणीव, विशेषतः शाकाहारी कुटुंबांत, हातापायांच्या मुंग्या व चालण्यातील अस्थिरता यांचे खरोखरच एक कारण असते. ते शोधण्याची संधी अशा रीतीने उपचारानेच हातची जाते. ताकदीच्या गोळ्यांचेही तसेच. ब-६ जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास चेतातंतूंनाच इजा होऊ शकते.

याउलट कृतीचे वर्णन केले तर तीच मराठी अत्यंत काटेकोर होते. जमिनीवर मांडी घालून बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, अंबाडा घालताना हात वर धरवत नाहीत, असे सांगितले की खांदे व मांड्या यांच्याकडील, म्हणजे धडाजवळच्या स्नायूंकडे लक्ष जाते. ड जीवनसत्त्वाची तीव्र उणीव, थायरॉइडचे विकार आणि स्नायूंचे काही मूळ रोग येथे विचारात येतात. कुलपात किल्ली फिरत नाही, शर्टाची गुंडी लागत नाही, असे सांगितले तर रोख टोकाकडील स्नायूंवर व त्यांच्या चेतातंतूंवर जातो. चप्पल पायातून निसटते, या एकाच तक्रारीत दोन निराळे अर्थ असू शकतात. निसटलेली कळते पण धरून ठेवता येत नाही, तर बळ कमी आहे. निसटली हेच कळत नाही, तर संवेदना कमी आहे. सकाळी ठीक असते आणि संध्याकाळी पापण्या मिटू लागतात किंवा एकाचे दोन दिसू लागते, हे वर्णन 'मायस्थेनिया ग्रेव्हिस' या विकाराचे असू शकते. अभिनेते अमिताभ बच्चन यांना १९८४ च्या सुमारास हा विकार असल्याचे निष्पन्न झाल्यामुळे त्याचे नाव आपल्याकडे पुष्कळांच्या कानावरून गेलेले आहे.

स्नायू लवण्याविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते. डोळा लवणे हे आपल्या घरांत शकुनाचे प्रकरण. स्त्रीचा डावा शुभ, पुरुषाचा उजवा शुभ. पोटरी लवण्याचा शकुन मात्र कोणत्याही आजीने सांगितलेला नाही, त्यामुळे ती लवू लागली की आजचा सुशिक्षित माणूस मोबाइलवर शोध घेतो आणि काही क्षणांत 'मोटर न्यूरॉन डिसीज' या नावापाशी येऊन थबकतो. या विकारात स्नायू लवतात हे खरे आहे. तथापि निरोगी माणसाचेही लवतात. श्रम, अपुरी झोप, चहा-कॉफीचा अतिरेक आणि चिंता यांमुळे ते वाढते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, केवळ स्नायू लवण्याची तक्रार असलेल्या आणि तपासणीत अन्य दोष न आढळलेल्या १२१ व्यक्तींचा २ ते ३२ वर्षे मागोवा घेण्यात आला. त्यांतील एकालाही तो गंभीर विकार झाला नाही. बळ घटणे आणि स्नायू रोडावणे यांची जोड नसेल तर नुसते लवणे सहसा निरुपद्रवी ठरते. हे वाचल्यावर पहिल्या रात्री लेखिकेला झोप लागली. दुसऱ्या रात्री मात्र खडू आठवला. तिची तक्रार केवळ लवण्याची नाही.

काळ हीच तपासणी :

'एवढ्या तपासण्या झाल्या तरी काही सापडत कसे नाही?' हा प्रश्न घरातील मंडळी विचारतात आणि त्यात डॉक्टरांविषयीचा अविश्वास दडलेला असतो. या प्रश्नाचे उत्तर तपासण्यांच्या स्वरूपातच आहे. ईएमजी तपासणीत स्नायूत बारीक सुई घालून त्यातील विद्युत्-हालचाल नोंदविली जाते. विश्रांत अवस्थेतील निरोगी स्नायू विद्युत्-दृष्ट्या शांत असतो. चेतातंतूशी संबंध तुटलेला स्नायू मात्र विश्रांतीतही सूक्ष्म स्पंदने दाखवितो. ही स्पंदने इजा झाल्यापासून साधारणतः दोन ते तीन आठवड्यांनी दिसू लागतात. सुई फार लवकर घातली तर अहवाल निर्दोष येणे शक्य असते. स्नायूंतून रक्तात झिरपणाऱ्या सीके या द्रव्याची पातळी कठोर व्यायामानंतर काही दिवस निरोगी माणसातही वाढलेली राहते, आणि कित्येक खऱ्या विकारांत ती वाढतच नाही. मायस्थेनियाच्या निदानासाठी रक्तातील जी प्रतिपिंडे शोधतात, ती आजार सर्व शरीरात पसरलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्क्यांत सापडतात. केवळ डोळ्यांपुरता असेल तर जवळपास निम्म्यांतच. जनुकीय तपासणी तर कधीकधी असा बदल दाखविते की ज्याचा अर्थ आज कोणालाच लावता येत नाही.

येथे एक ऐतिहासिक उदाहरण फार बोलके आहे. मायस्थेनियाची लक्षणे असूनही परिचित प्रतिपिंड न सापडणारे रुग्ण पूर्वीपासून होते. २००१ साली 'मस्क' या प्रथिनाविरुद्धचे निराळे प्रतिपिंड त्यांच्यांतील काहींच्या रक्तात आढळले. त्यांच्या शरीरात त्या वर्षी नवे काही घडले नव्हते. उणीव ज्ञानात होती आणि तोपर्यंत ती रुग्णाच्या खाती मांडली जात होती.

मोटर न्यूरॉन विकारासंबंधी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गोल्ड कोस्ट' निकषांत तर काळाचा समावेश व्याख्येतच आहे. बळ क्रमाने घटत चालले आहे, हे रुग्णाच्या हकिकतीवरून किंवा पुनःपुन्हा केलेल्या तपासणीवरून सिद्ध व्हावे लागते. एकाच भेटीतील एका छायाचित्रावरून चाल ओळखता येत नाही, तसेच हे आहे. "सहा महिन्यांनी पुन्हा या," हे तज्ज्ञाचे वाक्य रुग्णास हाकलून लावल्यासारखे वाटते. वस्तुतः त्या सहा महिन्यांत काही न बदलणे हेही एक मौल्यवान उत्तर असते. दुर्दैवाने हे स्पष्टीकरण देण्यास बाह्यरुग्ण विभागात कोणाला सवड नसते. लेखिकेस ते तिसऱ्या तज्ज्ञाकडे, तेही विचारल्यावर, मिळाले.

उलट काही लक्षणांत एक दिवसही थांबू नये. गिळताना ठसका लागणे, उताणे झोपल्यावर श्वास अपुरा पडणे, पायांतील बळ काही तासांत वा दिवसांत वरवर चढत जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, श्रमानंतर लघवी गडद तपकिरी होणे, अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे. जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात गिया-बारे सिंड्रोमचे दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले, तेव्हा मुंग्या आलेल्या प्रत्येकाला भीती वाटू लागली होती. तो विकार काही दिवसांत, फार तर चार आठवड्यांत, आपल्या परमावधीला पोहोचतो. वर्षभर रेंगाळलेल्या लक्षणांना ते नाव लावून घाबरण्याचे कारण नसते.

'हे सगळे मनाचे आहे' हा निर्णयही याच टप्प्यावर घाईने दिला जातो. चेतासंस्थेचे कार्यात्मक विकार खरोखर असतात, त्यांची स्वतःची निश्चित चिन्हे असतात आणि त्यांवर उपचारही आहेत. परंतु ते निदान त्या चिन्हांवरून करावयाचे असते, इतर काही सापडले नाही म्हणून नव्हे. स्त्री-रुग्णांच्या वाट्याला हा शेरा लवकर येतो, असे लेखिकेचे मत झाले आहे.

महाविद्यालयीन वयाचा एक विकार :

प्राध्यापकवर्गाने आवर्जून लक्षात ठेवावा असा एक विकार आहे. जपानमधील केइझो हिरायामा यांनी १९५९ मध्ये तो वर्णन केला. भारतात बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतील डॉ. एम. गौरी-देवी व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये एकाच हातापुरत्या वा पायापुरत्या मर्यादित राहणाऱ्या स्नायुक्षयाचे जे वर्णन 'मोनोमेलिक अमायोट्रॉफी' या नावाने केले, त्याच्याशी त्याचे जवळचे नाते आहे. तो प्रामुख्याने १५ ते २५ या वयोगटातील मुलांत दिसतो. एका हाताचा पंजा व पुढचा हात हळूहळू रोडावतो, बोटे किंचित थरथरतात, थंडीत बळ आणखी कमी होते. बहुधा काही वर्षे वाढून तो आपोआप थांबतो. मान पुढे वाकविल्यावर मज्जारज्जूवर दाब येतो, हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. म्हणूनच सरळ मानेने काढलेला नेहमीचा एमआरआय निर्दोष दिसू शकतो आणि मान वाकवून काढलेल्या चित्रात दोष स्पष्ट होतो. वेळीच ओळखला गेला तर मानेला पट्टा वापरून तो वाढण्यापासून रोखण्याचा प्रयत्न करता येतो.

आता या मुलाची वर्गातील स्थिती पाहावी. हिवाळ्यातील सत्र परीक्षेत त्याचे अक्षर बिघडते, पेपर अपुरा राहतो. पर्यवेक्षक म्हणून आपण त्याच्याकडे पाहतो, तेव्हा तो सतत पेन खाली ठेवून बोटे चोळताना दिसतो. आपली समजूत होते की याचा अभ्यास झालेला नाही. मुलगाही बोलत नाही, कारण सांगायला त्याच्याजवळ नाव नसते. लेखिकेने स्वतः अशा किती उत्तरपत्रिका 'अक्षर सुधारा' असा शेरा मारून परत केल्या असतील, याचा हिशेब करवत नाही.

रकान्यात काय लिहावे? :

नावाऐवजी कार्यक्षमतेकडे पाहण्याची दिशा आपल्या न्यायव्यवस्थेने दाखविलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी 'विकाशकुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग' या खटल्यात निकाल दिला. लिहिताना हाताचे स्नायू आवळून येणाऱ्या, म्हणजे 'रायटर्स क्रॅम्प' असलेल्या उमेदवारास लेखनिक नाकारण्यात आला होता, कारण त्याचे अपंगत्व ४० टक्क्यांच्या मर्यादेत बसत नव्हते. लेखनिकाची सोय त्या मर्यादेशी बांधता येणार नाही, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील वाजवी सोयीचे तत्त्व त्याहून व्यापक आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र शासनाने ४० टक्क्यांहून कमी अपंगत्व असलेल्या, पण लिहिण्यास अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत वैद्यकीय प्रमाणपत्राचा भर लिहिण्यातील मर्यादेवर होता.

अर्थात कायद्यातही 'दीर्घकालीन' हा शब्द आहे आणि प्रतीक्षेतील रुग्ण दीर्घकालीन आहे की नाही, हेच ठरावयाचे असते. म्हणून हा प्रश्न कायद्याने पूर्ण सुटलेला नाही. मात्र महाविद्यालयाच्या पातळीवर, अंतर्गत परीक्षेतील वाढीव वेळ, सलग तासिका न देणे, फळ्याऐवजी प्रक्षेपकाचा वापर, तळमजल्यावरील वर्गखोली यांसाठी आजाराच्या नावाची आवश्यकता मुळीच नाही. वेळापत्रक करणाऱ्या सहकाऱ्याच्या मनात आले तरी पुरते. लेखिकेच्या दोन तासिकांमध्ये एक रिकामी तासिका टाकून तिच्या सहकाऱ्याने एवढेच केले आणि त्याचा लाभ कोणत्याही गोळीपेक्षा अधिक झाला.

प्रतीक्षेतील दिनक्रम :

या काळात रुग्णाच्या हाती एक काम असते, ते म्हणजे नोंदी. तिसऱ्या तज्ज्ञांनी वही करण्यास सांगितले, पण एक अट घातली. स्नायू किती वेळा लवला ते मोजायचे नाही. मोजल्याने तो अधिक जाणवतो आणि भीती वाढते. दिवसातून दहा वेळा मूठ आवळून बळ तपासायचे नाही, कारण तपासण्याच्या श्रमानेच स्नायू दमतो. त्याऐवजी आठवड्यातून एकदा, ठराविक वारी व ठराविक वेळी, त्याच दोन-तीन कृती करायच्या : हात न टेकता खुर्चीतून एका मिनिटात किती वेळा उठता येते, फळ्यावर किती ओळी लिहिल्यावर खडू सुटतो, भरलेली कळशी किती वेळ धरवते. पापणी झुकलेली असेल तर तिचे छायाचित्र तारीखवार ठेवायचे, कारण तज्ज्ञासमोर ती नेमकी टवटवीत असते. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी सोबत बाळगायची. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांनी स्नायू दुखू शकतात आणि काही प्रतिजैविकांनी मायस्थेनिया बळावतो. घरगुती तेल-मालिशीला कोणाचीच हरकत नव्हती. सासूबाईंनी ती नियमाने चालू ठेवली आहे.

वहीत आजवर चोवीस आठवड्यांच्या नोंदी झाल्या आहेत. पहिल्या आठवड्यात खडू अकराव्या ओळीला सुटला होता, गेल्या आठवड्यात दहाव्या. एका ओळीचा फरक हा घट मानावा की पावसाळ्यातील दमट फळा, हे ठरविण्यास पुढील भेटीपर्यंत थांबावे लागेल.

तिसऱ्या अर्जासोबत या वेळी तज्ज्ञांचे पत्र जोडले. त्यात लिहिले होते : उजव्या हाताने सलग लेखन मर्यादित, निदान प्रलंबित, सहा महिन्यांनी पुनर्तपासणी. प्राचार्यांनी रजा मंजूर केली. 'आजाराचे नाव' या रकान्यात लेखनिकाने पेन्सिलीने एक छोटी रेघ ओढून ठेवली आहे. नाव कळले की त्यावर शाईने लिहू, असे तो म्हणाला.